एमपीएचला अप्लाय करताय? तुमचं सोफास अकाउंट कन्सल्टन्सीच्या ईमेलवरून उघडू देऊ नका

मी बीएएमएस आहे, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची, आणि सध्या एका उपकेंद्रावर सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. बीपी-शुगरचं स्क्रीनिंग, आशाताईंसोबत कुष्ठरोगाचा सर्व्हे, बाळांचं लसीकरण हे सगळं करता करता पब्लिक हेल्थ नीट शिकायचं असं मनात बसलं आणि अमेरिकेत एमपीएचला म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थला अप्लाय करायचं ठरवलं. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीने त्यासाठी माझ्याकडून पावणेदोन लाखांच्या आसपास घेतले आणि काय केलं ते सविस्तर लिहितेय, कारण आत्ता डिसेंबर-जानेवारीच्या डेडलाइन तोंडावर आहेत आणि माझ्या ओळखीतलेच दोन-तीन जण अशाच ऑफिसांत मार्कशीट घेऊन बसलेत.

आधी प्रोसेस समजून घ्या, म्हणजे कुठे पैसे खाल्ले ते लक्षात येईल. अमेरिकेतल्या बहुतेक पब्लिक हेल्थ स्कूल्सना सोफास नावाच्या एकाच कॉमन पोर्टलवरून अप्लाय करतात. एकच फॉर्म, एकच डॉक्युमेंटचा सेट, पहिल्या प्रोग्रामची फी जास्त आणि पुढच्या प्रत्येकाची बरीच कमी. काही युनिव्हर्सिटी वर स्वतःची वेगळी फी घेतात, ते त्या त्या प्रोग्रामच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्या मार्कांचं इव्हॅल्युएशन डब्ल्यूईएस या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं, त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट नाशिकहून विद्यापीठानेच थेट पाठवायची असते, मधल्या कुणी नाही. आणि शिफारसपत्र म्हणजे एलओआर आपण अपलोड करतच नाही, आपण फक्त सरांचा ईमेल टाकायचा, पोर्टल सरांना लिंक पाठवतं, सर स्वतः पत्र चढवतात.

यातलं काहीही मला त्या ऑफिसात सांगितलं गेलं नाही. सांगितलं ते असं की सात युनिव्हर्सिटी, प्रत्येकीची फी वेगळी आणि पूर्ण, शिवाय प्रोसेसिंग, शिवाय डब्ल्यूईएस, शिवाय डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन म्हणून अजून एक रक्कम. पैसे अर्धे कॅश आणि अर्धे एका माणसाच्या पर्सनल नंबरवर जीपे करायला लावले, पावती म्हणून लेटरहेडवर सही, जीएसटी नंबर नाही. ओरिजिनल मार्कशीट आणि डिग्री 'स्कॅनिंगसाठी' ठेवून घेतली. आणि सोफासचं अकाउंट त्यांनी त्यांच्याच ईमेल आयडीवरून उघडलं. पासवर्ड मागितला तर म्हणे स्टुडंटकडून चुकून काहीतरी बदललं जातं म्हणून आमची पॉलिसी आहे, आम्ही देत नाही.

त्यानंतर दर वेळी फोन केला की एकच उत्तर, 'मॅडम, प्रोसेसमध्ये आहे'. डब्ल्यूईएस प्रोसेसमध्ये, एलओआर प्रोसेसमध्ये.

उलगडा झाला तो आमच्या स्वस्थवृत्तच्या (आयुर्वेदातला रोगप्रतिबंधाचा विषय) एचओडी सरांमुळे. डेडलाइन जवळ आली म्हणून मी सरांना फोन केला की सर तुम्ही पत्र अपलोड केलं का, तर सर म्हणाले मला तर काही मेलच आला नाही गं. आमच्या टीएचओ म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी सरांना विचारलं, त्यांनाही नाही. मी काकांना घेऊन ऑफिसात गेले आणि अकाउंट माझ्यासमोर उघडल्याशिवाय उठणार नाही म्हणून बसून राहिले. शेवटी उघडलं. सातपैकी फक्त दोन प्रोग्राम सबमिट केलेले, बाकी पाच नुसते लिस्टमध्ये टाकून ठेवलेले, त्यांची फी भरलेलीच नव्हती. डब्ल्यूईएसचा रिपोर्ट आलेला नव्हता कारण ऑर्डरच दिलेली नव्हती. आणि दोन्ही शिफारसपत्रं मात्र 'कम्प्लीट'. सरांच्या नावाने कुणीतरी जीमेल काढलं होतं आणि त्यावरून माझ्याबद्दल पत्र लिहून चढवलं होतं. ज्या सरांनी मला साथरोग शिकवला, त्यांच्या नावाने. मी त्या स्क्रीनचे फोटो काढले, त्यांनी नको नको म्हटलं तरी काढले, आणि पुढे तेच सगळ्यात जास्त कामाला आले.

एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचा याचं आपलं निवेदन, तो पण तेव्हाच वाचायला मिळाला. त्यात लिहिलं होतं की माझी आजी टीबीने गेली आणि तिच्या अंत्यसंस्काराच्या वेळी मी पब्लिक हेल्थचा निश्चय केला. माझी आजी गावी आहे, ठणठणीत आहे. मी जे खरं काम केलं त्याचं एक वाक्य नव्हतं, ना उपकेंद्राचं, ना सर्व्हेचं. ते ऑफिस नर्सिंगवाल्यांना, डेंटलवाल्यांना, सगळ्यांना हीच आजी लावतं की काय कोण जाणे. कमिटीवर बसलेले लोक वर्षानुवर्षं अशी निवेदनं वाचतात, त्यांना हे कळणार नाही का?

आता मुद्द्याची गोष्ट, ते पाच प्रोग्राम का सोडले. कारण सोफासमधल्या नावाजलेल्या स्कूल्समधून त्यांना काही मिळत नव्हतं. त्याच काळात त्यांनी मला न विचारता वेगळ्या दोन प्रायव्हेट युनिव्हर्सिटींना डायरेक्ट अप्लाय केलं होतं, आणि त्यातल्या एकीचं ऑफर लेटर टेबलवर ठेवून म्हणाले, अभिनंदन, एमपीएच झालं तुमचं, आता सीट ब्लॉक करायला एक हजार डॉलर आमच्या अकाउंटला टाका. लेटर नीट वाचलं तर कोर्स हेल्थकेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा होता, एमपीएच नव्हताच. अनेक युनिव्हर्सिटी अ‍ॅडमिशन झालेल्या प्रत्येक स्टुडंटमागे एजंटला कमिशन देतात, ही काही लपलेली गोष्ट नाही, पण मग तोच एजंट आपल्याला 'तुमच्या प्रोफाइलला हेच बेस्ट' म्हणत असेल तर तो नक्की कुणासाठी काम करतोय हे विचारायलाच हवं. अमेरिकेत पब्लिक हेल्थच्या स्कूल्स आणि प्रोग्राम्सना सीईपीएच नावाची संस्था मान्यता देते, तिची यादी तिच्या साइटवर सगळ्यांना फुकट बघता येते. मी तिथल्या तिथे मोबाइलवर शोधलं, त्या कोर्सचं नाव यादीत नव्हतं.

अजून एक थाप सगळीकडे मारली जाते, की एमपीएच म्हणजे स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्सच्या सरकारी यादीतला कोर्स), डिग्रीनंतर अमेरिकेत तीन वर्षं काम करता येतं. असं सरसकट नाही. एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्सचे कोड स्टेमच्या यादीत आहेत, साध्या जनरल पब्लिक हेल्थचा कोड त्यात नाही. कुठला कोड आहे ते युनिव्हर्सिटीला मेल करून अप्लाय करण्याआधीच विचारा, कारण पुढे आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या फॉर्मवर, तोच छापून येतो आणि लोनचं सगळं गणित त्याच्यावर उभं असतं.

भारतात एमपीएच करून किंमत नाही असंही ते सांगायचे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रामधलं अच्युत मेनन सेंटर १९९७ पासून एमपीएच शिकवतंय, मुंबईत टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे, पुणे विद्यापीठात आहे. पण तिथे अ‍ॅडमिशन घेतली तर यांच्या हाती काही लागत नाही ना.

पैशांचं सांगते. मी काम थांबवा म्हटल्यावर त्यांनी ओरिजिनल मार्कशीट अडवून धरल्या, 'क्लोजिंग चार्जेस' भरा मग देतो. पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला, तिथून एक फोन गेला आणि सगळे कागद परत मिळाले. म्हणून कुणी मार्कशीट ठेवून घेतल्या असतील तर भीक मागत बसू नका, अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलांकडून नोटीस पाठवली, तेव्हा न भरलेल्या पाच प्रोग्रामची फी परत आली. बाकीचं ते म्हणतात नॉन-रिफंडेबल, अ‍ॅग्रीमेंटवर सही आहे. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकलीय. २०१९ च्या ग्राहक कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस टाकता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगाची फी शून्य आहे. ज्यांचे पैसे नुकतेच ऑनलाइन गेलेत आणि समोरचा गायब झालाय त्यांनी मात्र आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथे जितका लवकर फोन तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

ज्यांना खरंच मार्गदर्शन हवंय त्यांच्यासाठी मुंबईत एज्युकेशन यूएसएचं केंद्र आहे, अमेरिकेसाठी कसं अप्लाय करायचं ते तिथे शिकवतात आणि ते कुठल्या युनिव्हर्सिटीचे कमिशन एजंट नाहीत. फुलब्राइट-नेहरू आणि ब्रिटनची चीव्हनिंग, या दोन्ही स्कॉलरशिपच्या अर्जाला फी नसते. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचे कुणी हजारो रुपये मागत असेल तर ते पैसे फक्त त्याच्या खिशात जातात.

आणि एक गोष्ट पैशांपेक्षाही गंभीर आहे. सोफास सबमिट करताना 'हे सगळं खरं आणि माझंच आहे' असं प्रमाणित करावं लागतं, आणि ते माझ्या नावाने झालं होतं. खोटं पत्र एजंटने लिहिलं तरी पकडलं गेलं तर नाव विद्यार्थ्याचं खराब होतं, आणि व्हिसाच्या वेळी खोटी कागदपत्रं निघाली तर अमेरिकेचे दरवाजे कायमचे बंद होऊ शकतात. म्हणून मी त्या दोन्ही प्रोग्रामच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला स्वतःच्या ईमेलवरून कळवलं की ही पत्रं माझ्या शिक्षकांची नाहीत, एसओपी माझा नाही, माझा अर्ज मागे घ्या. हात थरथरत होते पाठवताना. पण ते करायलाच हवं होतं, आणि ज्यांची फाइल आत्ता अशा कुणाकडे आहे त्यांनी आजच आपल्या शिफारस देणाऱ्या सरांना फोन करून विचारा की लिंकचा मेल आला का. नसेल आला आणि एजंट म्हणत असेल की पत्र गेलं, तर लगेच अकाउंट स्वतःच्या ताब्यात मागा.

नोटिशीचा मसुदा कुणाला हवा असेल तर सांगा, मी देईन. तोपर्यंत जीपेचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, समोरच्याने 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.