नव्या डब्यात जुनं बेअरिंग : नागपुरातला माझा अनुभव

रामटेकहून परत येताना कन्हानच्या अलीकडे गाडीचं मागचं चाक एकदम धरलं गेलं. आई मागे बसली होती. वेग पन्नासच्या आसपास असेल. सवयीनं क्लच दाबला, पण काही उपयोग झाला नाही, कारण अडकलं होतं ते क्लचच्या पलीकडे, चेनच्या बाजूला. चाक काही हात घासत गेलं, मग सुटलं आणि गाडी कशीबशी कडेला आली. मागून ट्रक येत नव्हता. आई खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला बराच वेळ काही न बोलता बसून राहिली. ज्या बेअरिंगमुळे, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या गोळ्यांच्या कड्यामुळे, हे झालं, ते मी साडेसहाशे किलोमीटर आधीच, नवं म्हणून विकत घेऊन, स्वतःच्या हातानं बसवलं होतं.

गाडी बाबांची आहे, २००६ ची, १०० सीसी. पंधरा वर्षं झाल्यावर तिची नोंदणी वाढवून घेतली ती विकायची नाही म्हणूनच. एप्रिलमध्ये तिच्यातून घोंघावल्यासारखा आवाज यायला लागला. गिअर कोणताही असो, वेग वाढला की आवाज वाढायचा. चालत्या गाडीत क्लच दाबून धरला तरी तो जात नव्हता. गाडी न्यूट्रलला उभी असताना मात्र इंजिन गप्प. म्हणजे दोष गिअर बॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टकडे किंवा मागच्या चाकात. चेन काढून चाक हातानं फिरवलं, ते साफ फिरलं. मग पुढचं छोटं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, धरून वर-खाली हलवलं, तर चांगलाच प्ले, म्हणजे ढिलेपणा, होता आणि त्याच्या मागून तेलही झिरपत होतं. शाफ्टचं बेअरिंग गेलं होतं. चेन फार ताणून ठेवली की नेमकं हेच बेअरिंग मरतं, आणि मी ती वर्षभर ताणूनच चालवत होतो. ती चूक माझी.

हे काम घरी होत नाही असं नाही, पण वेळखाऊ आहे. इंजिन खाली उतरवावं लागतं. एका बाजूला मॅग्नेट, दुसऱ्या बाजूला क्लच काढावा लागतो, त्यासाठी पुलर आणि खाचेचा पाना लागतो. मग क्रँककेस, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला चेंबर म्हणतात, ते दोन भागांत उघडायचं. मी पुठ्ठ्यावर केसचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचला, शाफ्टवरच्या प्रत्येक वायसरचा फोटो काढला. डावा अर्धा भाग शेगडीवर तापवला, लाकडावर उलटा आपटला आणि जुनं बेअरिंग आपसूक खाली पडलं. त्यावर ६२०३ हा आकडा स्वच्छ वाचता येत होता. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचं बॉल बेअरिंग, २ ही त्याची मालिका, आणि ०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. पुढे सी३ होतं, म्हणजे गोळ्यांना नेहमीपेक्षा किंचित जास्त मोकळीक. इंजिन तापतं, तिथे ही मोकळीक लागते.

कंपनीच्या अधिकृत काउंटरवर विचारलं तर चार दिवस थांबा म्हणाले. इंजिन अंगणात उघडं पडलेलं, धूळ उडत होती, त्यामुळे मला चार दिवस फार वाटले. शहराच्या मध्यावर सुट्या भागांच्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकान वर्षानुवर्षांचं, गर्दी भरपूर. काउंटरवरच्या माणसानं आकडा ऐकताच मागच्या फळीवरून एका नामांकित कंपनीचे दोन डबे काढले.

"कंपनीचाच माल आहे भाऊ, डोळे मिटून घेऊन जा."

भाव विचारला. अधिकृत काउंटरपेक्षा नगाला फक्त ३० रुपये कमी. अर्ध्या किमतीत दिलं असतं तर मीही चपापलो असतो. बसवताना एक बिघडलं तर हाताशी असावं म्हणून दोन्ही घेतले. बिल मागितलं.

"पक्कं बिल पायजे असन तर अठरा टक्के वेगळे लागतीन. कायले उगाच?"

फोन काढून पैसे पाठवायला लागलो, तर म्हणाला, "ऑनलाइन आज चालून नाही राहिलं, नगद द्या." मी नगद दिले. कुणाही नागपूरकराला हे रोजचंच वाटेल. पण पाकिटबंद वस्तूवर छापलेल्या एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात. त्यावर बिलासाठी वेगळा जीएसटी मागणंच चूक आहे. ज्याला आपला माल परत येईल याची खात्री असते, तो बिल आणि ऑनलाइन पैसे दोन्ही टाळतो. हे मला तेव्हा उमगलं नाही.

घरी आल्यावर डबा उघडला. बेअरिंग आरशासारखं चमकत होतं आणि त्याला डिझेलसारखा वास होता. नवं बेअरिंग असं नसतं. त्यावर गंज न लागण्यासाठी पातळ, एकसारखा तेलाचा थर असतो आणि कडेच्या पृष्ठभागावर ग्राइंडिंगच्या बारीक गोल रेषा दिसतात, डोळे दिपवणारी झिलई नसते. डब्यावर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता नव्हता, महिना-वर्षही नव्हतं, आणि हे दोन्ही पाकिटावर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. मी डबा टेबलावर ठेवला आणि कामाला लागलो.

सगळ्यात मोठी खूण पुढे होती. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. दुपारी, केस तापवायला शेगडी पेटवण्याआधी, सहज जागेवर ठेवून पाहिलं, तर अंगठ्याच्या दाबानं ते आत गेलं. मला आनंद झाला. मे महिना, पारा ४५ च्या घरात, केस उन्हात पडून हात लावू देत नव्हता. म्हटलं, उन्हानंच काम केलं. हिशेबही तसा बसत होता, कारण ॲल्युमिनियममधलं ४० मिलिमीटरचं भोक दर १० अंशांना साधारण ९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मोठं होतं, आणि थंड बेअरिंग आक्रसतं. पण दोन्ही एका तापमानाला आल्यावर बेअरिंगनं घट्ट पकड घ्यायला हवी, बोटानं हलता कामा नये. संध्याकाळी केस निवल्यावर ते एकदा ढकलून पाहिलं असतं तरी सगळं उघड झालं असतं. नवं ऑइल सील, नवी पॅकिंग लावून मी इंजिन बंद केलं. पहिले काही दिवस गाडी एकदम शांत चालली.

कन्हानच्या प्रसंगानंतर गाडी टेम्पोत घालून घरी आणली आणि पुन्हा सगळं उघडलं. बेअरिंगचा पिंजरा, म्हणजे गोळ्यांना एकमेकींपासून अंतरावर धरणारी पट्टी, तुटला होता, त्याचा एक तुकडा गोळ्यांमध्ये शिरला होता. चाक धरलं गेलं ते त्यामुळे. त्याहून वाईट म्हणजे बाहेरचं कडं केसमध्ये गरगर फिरलं होतं. बेअरिंगच्या आतल्या गोळ्या फिराव्यात, बाहेरचं कडं जागच्या जागी राहावं, हा त्याचा साधा नियम. इथे कठीण पोलादाचं कडं मऊ ॲल्युमिनियमला कोरत बसलं होतं. बाबांच्या गाडीचा चेंबर खराब झाला होता.

हिंगणा एमआयडीसीत एक लेथवाले काका आहेत, त्यांच्याकडे केस आणि दोन्ही बेअरिंग नेली. दुसरं अजून डब्यातच होतं. त्यांनी त्याच न वापरलेल्या बेअरिंगला मायक्रोमीटर लावला. आकडा आला ३९.९४. या आकाराच्या साध्या दर्जाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४०.००० ते ३९.९८९ च्या मध्येच असायला हवा, म्हणजे सूट फक्त ११ मायक्रॉनची. इथे ६० मायक्रॉन गायब होते. काकांनी ते उजेडात तिरपं धरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. नव्यानं कोरलेल्या अक्षरांखाली जुन्या अक्षरांचे अर्धवट माग दिसत होते, आणि कडेचे कोपरे गोल झाले होते.

"हे नवं नाही, वापरलेलं आहे. धुवून याले बफ मारून चमकवलं आणि वरून नाव टाकलं," काका म्हणाले.

माझ्या घरात साधा व्हर्नियर आहे, ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा. ६० मायक्रॉन म्हणजे त्याच्यावर तीन घरं. मी बसवण्याआधी मोजलं असतं तर दिसलं असतं. याची खंत मला अजून आहे, कारण मागे बसून आई येत होती.

दुकानात परत गेलो. फुटलेलं आणि डब्यातलं, दोन्ही समोर ठेवली. तो आधी म्हणाला, "तुम्ही ठोकून बसवलं असन. हे काम घरी करायचं असते का?" मी डब्यातलं पुढे केलं, हे तर बसवलंच नाही. मग सूर बदलला. "हे आमच्याच दुकानातलं आहे हे कशावरून? बिल दाखवा." आजूबाजूला सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर मी खोटा ठरलो आणि बाहेर आलो.

ज्या कंपनीचं नाव डब्यावर होतं तिच्या ॲपनं डब्यावरचा कोड ओळखलाच नाही. फोटो पाठवल्यावर कंपनीनंही कळवलं की माल त्यांचा नाही. ग्राहकांसाठीच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बिल मागितलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बनावट माल विकणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, पण माल त्या दुकानातूनच घेतला हे दाखवायला माझ्याकडे चिठोराही नव्हता. वाचणाऱ्यांनी एवढं करा : दोनशे रुपयांची वस्तू असली तरी बिल घ्या, त्यावर बेअरिंगचा आकडा आणि कंपनीचं नाव लिहून घ्या, पैसे ऑनलाइन द्या. दुकानदार नाही म्हणाला तर त्या दुकानातून उतरा. आणि गाडीतून काढलेलं जुनं बेअरिंग मिस्त्रीकडे सोडू नका. घरी आणा, बाहेरच्या कड्यावर हातोडा घालून तोडा, डोळ्यांना चष्मा लावून, फडक्यात गुंडाळून. नाहीतर तेच बफ मारून कुणाच्या तरी गाडीत जाईल.

चेंबरचा डावा अर्धा भाग जुन्या बाजारात मिळाला असता, पण आमच्या गाडीचा इंजिन नंबर त्याच अर्ध्यावर कोरलेला आहे. तो बदलला की आरसीशी जुळत नाही, मग आरटीओच्या चकरा. म्हणून काकांनी भोक मोठं करून त्यात बुश, म्हणजे धातूची कडी, मारला आणि बरोबर मापाचं करून दिलं. त्याचे, टेम्पोचे, पुन्हा पॅकिंग, सील आणि तेलाचे मिळून ४,३०० रुपये गेले. वाचवले होते ६०. नवं बेअरिंग या वेळी चार दिवस थांबून अधिकृत काउंटरवरून आणलं, बिलासकट. घरी मोजलं. थंड केसमध्ये ते हातानं जाईना. केस तापवल्यावर टक्क आवाज करून बसलं, आणि निवल्यावर दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला तरी हललं नाही.

गाडी आता ठीक चालते. आई मात्र अजून मागे बसत नाही, रामटेकला एसटीनं जाते. परवा त्या दुकानावरून गेलो. काउंटरमागच्या फळीवर तेच डबे रचलेले होते, आणि एक पोरगा हातात जुनं बेअरिंग धरून आकडा वाचून दाखवत होता. मी गाडी थांबवून आत गेलो आणि त्याला बाहेर बोलावलं.