बडोद्यात घेतलेले डॉलर हनोईत उघडे पडले

परदेशी निघालेल्या माणसाला सगळे एकच बजावतात: तिकडच्या टॅक्सीवाल्यांपासून जपा, रस्त्यावर पैसे बदलू नका, खोट्या नोटा गळ्यात मारतात. खरं आहे ते. पण आमच्या गळ्यात शंभर डॉलरच्या दोन खोट्या नोटा पडल्या त्या इथे, बडोद्यात, रावपुऱ्यातल्या एका ओळखीच्या माणसाच्या बैठकीत, चहा पिता पिता. व्हिएतनाममध्ये त्या फक्त ओळखल्या गेल्या. म्हणून हे लिहिते आहे, विशेषतः बडोदेकरांसाठी.

आपल्याकडे डॉलर ‘घरगुती’ मिळतात हे काही नवीन नाही. गल्लीत एखादं तरी घर असतंच, ज्यातलं कुणी न्यू जर्सीत नाहीतर शिकागोत. ही मंडळी डिसेंबरात लग्नांसाठी येतात, जाताना उरलेसुरले डॉलर इथेच कुणाला तरी देऊन जातात. असे डॉलर गोळा करून विकणारी माणसं शहरात आहेत. दुकान नाही, पाटी नाही, बिल नाही. दर मात्र मनी चेंजरपेक्षा डॉलरमागे दीड रुपया कमी, आणि पासपोर्ट, तिकीट, पॅनकार्ड कशाचीच झेरॉक्स द्यावी लागत नाही. आम्हाला आठशे डॉलर हवे होते, म्हणजे बाराशे रुपये वाचत होते. माझ्या नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, त्या माणसाकडून आधीही घेत आलेले, त्यामुळे चौकशी करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आठ नोटांपैकी सहा नव्या होत्या, मधून निळी पट्टी गेलेल्या. दोन वेगळ्या, पट्टी नसलेल्या, रंगाने थोड्या फिक्या. मी विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, “मोटा माथावाळी नोट छे, बेन. जूनी छे, पण बधे चाले.” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. 1996 साली आलेल्या नमुन्याची शंभराची नोट अशीच असते, चेहरा मोठा आणि निळी पट्टी नाही. पट्टीवाली नोट चलनात आली ऑक्टोबर 2013 मध्ये. अमेरिकी सरकार जुन्या नोटाही पूर्ण किमतीला मानतं. एवढं सांगून थांबला असता तर कदाचित मी आणखी काही विचारलं असतं. पण त्याने खिशातून एक पेन काढलं, नोटेच्या कोपऱ्यात रेघ ओढली आणि म्हणाला, “जुओ, काळी थई?” नाही झाली. पिवळसर उमटली आणि विरून गेली. आमचं समाधान झालं. त्या पेनबद्दल पुढे सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे.

हनोईत जुन्या शहराजवळच्या एका परवानाधारक काउंटरवर आम्ही तीनशे डॉलर बदलायला दिले. त्यात योगायोगाने त्या दोन्ही जुन्या नोटा गेल्या. काउंटरवरच्या मुलीने पट्टीवाली नोट नुसती चाचपून बाजूला ठेवली. जुनी हातात घेतल्यावर तिने टेबलावरचा दिवा जवळ ओढला. मग दुसरी तशीच बघितली. मग तिने आम्हालाच खुणेने जवळ बोलावलं.

नोटेच्या उजव्या बाजूला जी मोकळी जागा असते, तिथे उजेडात वॉटरमार्कचा चेहरा दिसायला हवा. चेहरा होता. पण शंभराच्या नोटेवर असतो बेंजामिन फ्रँकलिन: पुढून टक्कल, कानांवरून लोंबणारे लांब केस, गुळगुळीत हनुवटी. दिव्यासमोर दिसत होता तो दाढीवाला, गालफडं बसलेला माणूस. अब्राहम लिंकन. लिंकन असतो पाच डॉलरच्या नोटेवर. मग तिने चित्राच्या डावीकडच्या उभ्या धाग्यावर नख ठेवलं. शंभराच्या नोटेतल्या धाग्यावर ‘यूएसए 100’ अशी बारीक अक्षरं असतात. आमच्या धाग्यावर होतं ‘यूएसए फाइव्ह’. शेवटी तिने जांभळा दिवा लावला. त्या प्रकाशात शंभराचा धागा गुलाबी उजळतो, आमच्या दोन्ही नोटांचा निळा उजळला. पाचाचा धागा निळाच उजळतो.

म्हणजे कागद अगदी अस्सल, अमेरिकी सरकारचाच. कुणीतरी पाच डॉलरच्या खऱ्या नोटा रसायनात धुऊन कोऱ्या केल्या आणि त्यावर शंभराचं चित्र छापलं. हे अमेरिकेत जमतं, कारण तिथे एक डॉलरपासून शंभरपर्यंत सगळ्या नोटा एकाच मापाच्या. युरोत प्रत्येक नोट आकाराने वेगळी, तिथे पाचावर शंभर छापायला कागदच पुरणार नाही. आणि म्हणूनच खोट्या नोटा जुन्या नमुन्याच्या होत्या. 2013 च्या नोटेतली निळी पट्टी कागदावर छापलेली नसते, ती कागदात विणलेली असते. नोट हलवली की पट्टीतल्या घंटांच्या चित्रांचे ‘100’ असे आकडे होतात आणि ते सरकतात. धुतलेल्या कागदात ती कुठून आणणार?

आता ते पेन. त्यात आयोडीन असतं, आणि आयोडीन स्टार्चला लागलं की काळं पडतं, शाळेत बटाट्याच्या फोडीवर करून पाहिलेला तोच प्रयोग. साध्या छपाईच्या कागदात स्टार्च असतं. डॉलरचा कागद तीन भाग कापूस आणि एक भाग लिननचा, त्यात स्टार्च नाही. म्हणून झेरॉक्स मारलेली नोट त्या पेनाने लगेच पकडली जाते. धुतलेली नोट मात्र दर वेळी पास होते, कारण कागद खराच आहे! बोटांनाही काही कळत नाही, तोच तो कडक कापडासारखा स्पर्श. अमेरिकेला हा प्रकार इतका त्रासाचा झाला की 2008 मध्ये पाचाची नोट बदलताना त्यांनी धागा चित्राच्या उजवीकडे नेला आणि वॉटरमार्कमधला लिंकन काढून तिथे 5 हा आकडा घातला. आमच्या नोटा त्याआधीच्या पाचावर बनवलेल्या होत्या.

तेव्हा पट्टी नसलेली शंभराची नोट हातात आली की पेन वगैरे राहू द्या, ती खिडकीपाशी न्या. फ्रँकलिन दिसतो का बघा. धाग्यावरची अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा. उजव्या कोपऱ्यातला 100 तिरका केल्यावर हिरव्याचा काळा होतो का बघा, नव्या नोटेत तोच तांबूस रंगाचा हिरवा होतो. फ्रँकलिनच्या कोटाच्या कॉलरवरून नख फिरवलं तर खरखर लागते, आणि तिथेच भिंगाखाली ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ अशी अक्षरं दिसतात. आमच्या नोटांवर तिथे नुसती मळकट रेघ होती, हे हॉटेलवर भिंगातून पाहिल्यावर कळलं. खरं तर वॉटरमार्क आणि धागा एवढ्यावरच काम भागतं, आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.

त्या रात्री आमच्यात वाद झाला. भाऊजींचं म्हणणं, रात्रीच्या बाजारात खपवून टाकू, तिथे कोण दिव्यासमोर धरतंय. आमच्या ह्यांनी साफ नकार दिला. नोट खोटी आहे हे कळल्यानंतर ती पुढे सरकवणं हा जवळपास कुठल्याही देशात गुन्हा आहे, भारतातसुद्धा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची 179 आणि 180 ही कलमं त्यासाठीच आहेत, आणि त्यात जगातल्या कुठल्याही बँकेची नोट येते, फक्त रुपया नाही. मात्र नोट कायदेशीर मार्गाने आपल्याकडे आली हे सिद्ध करता आलं तर नुसतं बाळगणं गुन्हा ठरत नाही, असा खुलासा 180 मध्येच आहे. आता बिल नसताना हे सिद्ध कसं करायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोन्ही नोटा तिथल्या बँकेत नेऊन दिल्या. पासपोर्टच्या प्रती घेतल्या, सह्या घेतल्या, शिक्का मारलेला एक कागद दिला. त्यात सकाळ गेली.

काउंटर परवानाधारक आहे की नाही, हेही व्हिएतनाममध्ये महत्त्वाचं. तिथे पैसे बदलायला बँक किंवा परवाना असलेलीच जागा लागते. 2018 मध्ये कांथो शहरात एका इलेक्ट्रिशियनने शंभर डॉलरची एक नोट सोनाराच्या दुकानात बदलली, तर त्याला 9 कोटी डोंग (व्हिएतनामचं चलन) दंड ठोठावला होता. पुढे तो माफ झाला, पण आधी झोप उडालीच असेल.

डोंगबद्दल सांगायचं तर तिथे खोट्या नोटेपेक्षा हातचलाखीची भीती जास्त. 5,00,000 ची नोट आणि 20,000 ची नोट, दोन्ही निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. एक सोळा-सतराशे रुपयांची, दुसरी साठ-सत्तर रुपयांची. टॅक्सीवाला तुमची मोठी नोट घेतो, खाली वाकतो आणि वर येतो तेव्हा हातात 20,000 ची असते. “हीच दिलीत,” म्हणतो. मागची बाजू ओळखीची करून ठेवा: 20,000 वर होई आन या गावातला जपानी पूल आहे, 5,00,000 वर हो ची मिन्ह यांचं गावाकडचं घर. मोठी नोट देताना रक्कम मोठ्याने म्हणा आणि नोट त्याच्या हातात जाईपर्यंत नजर हलवू नका. याचाच दुसरा अवतार म्हणजे “तुमची नोट खोटी आहे” म्हणून दुसरीच नोट परत देणं. त्यावर उपाय सोपा, एटीएममधून काढल्याबरोबर मोठ्या नोटांच्या नंबरांचा फोटो. भाऊजींना हे आधी अतिच वाटलं होतं. होई आनच्या एका रिक्षावाल्याला तो फोटो दाखवून त्यांनीच आपली नोट परत मिळवली.

युरोपला जाणाऱ्यांना खोट्या नोटांइतकाच मेलेल्या नोटांचा धोका. ब्रिटनमध्ये 20 आणि 50 पौंडाच्या कागदी नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर दुकानात चालत नाहीत, त्या बँक ऑफ इंग्लंड बदलून देते. ‘घरगुती’ पौंड घेणाऱ्यांनी हे विसरू नये, कारण कपाटातून निघतात त्या नेमक्या ह्याच. प्रागमध्ये रस्त्यावर पैसे बदलून देणारे चेक कोरुनाच्या जागी बेलारूसचे बाद झालेले रुबल देतात, आकडे मोठे आणि लिपी अनोळखी. चेक प्रजासत्ताकात अधिकृत काउंटरवर 1,000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो, पण पावती हवी. युरोच्या नव्या नमुन्याच्या नोटेत डाव्या कोपऱ्यातला आकडा तिरका केल्यावर हिरव्याचा गडद निळा होतो आणि त्यावरून उजेडाची रेघ वरखाली सरकते. ते नसेल तर नोट घेऊ नका.

परत आल्यावर आम्ही रावपुऱ्यात गेलो. तो म्हणाला, नोट दाखवा, नोट बघितल्याशिवाय पैसे कसे देऊ? नोटा तर हनोईच्या बँकेत. आम्ही तो शिक्क्याचा कागद दाखवला. त्याने उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, “आ तो चायनीज छे, एमां शुं लख्युं छे कोने खबर.” त्याला त्या नोटा खोट्या असल्याचं माहीत होतं की तोही कुणाकडून फसला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. पोलिसांकडे जायचं ठरवलं तेव्हा ओळखीतल्या एका सीएंनी थांबवलं. परवाना नसलेल्या माणसाशी परकीय चलनाचा व्यवहार करायला फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्याची मनाई आहे, आणि त्यात विकणाऱ्याइतकाच घेणाराही येतो. असल्या माणसांना नेमकं हेच ठाऊक असतं. फसलेला माणूस तक्रार करत नाही, आणि धंदा चालू राहतो.

सयाजीगंज-अलकापुरीत मनी चेंजर भरपूर आहेत. परवाना रिझर्व्ह बँकेचा आहे का ते पाहावं. यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते आणि परवाना भिंतीवर लावलेला दिसतो. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंतच रोख नोटा मिळतात, बाकीचं फॉरेक्स कार्डवर. रुपये 50,000 च्या वर गेले की चेक किंवा ट्रान्सफर. दर दीड रुपयाने जास्त पडतो, पण पक्कं बिल मिळतं आणि नोट परदेशात कुणी नाकारली तर ते बिल घेऊन भांडायला जागा राहते. आणि काउंटरवर बसून सरळ सांगायचं की निळ्या पट्टीच्याच नोटा द्या, जुन्या नकोत. आम्ही यंदा सांगितलं, त्यांनी गठ्ठ्यातून दोन काढून बदलून दिल्या.