गावाची उतरंड: मार्क्सकडून समजावी की वेबरकडून?

यवतमाळकडच्या कापूसपट्ट्यात मार्क्स चटकन पटतो; माणसाचा वर्ग तो मालकीवरून ठरवतो. जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा. गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, वेचणीची मजुरी किलोवर मिळते.

पण पाच एकरवाला बौद्ध आणि पाच एकरवाला कुणबी, दोघांचा वर्ग एकच. भाव पडला की दोघंही कर्जात. तरी घरं गावाच्या दोन टोकांना, सोयरीक तर दूरच! समाजशास्त्रज्ञ वेबर वर्ग, प्रतिष्ठा आणि सत्ता वेगवेगळी पाहतो, म्हणून माझा कौल त्याला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी धम्मदीक्षा घेतली; सातबारा तोच राहिला, मान ताठ झाली. हे निव्वळ मालकीच्या हिशेबात कसं बसणार?

मजुरीचा दर ठरवताना मात्र मार्क्सच हाताशी हवा.