गंगेत बुडालेली मारुती आणि माझा बेंच पार्टनर

सेकंड हॅन्ड गाडी घेणाऱ्यांनी हे वाचा, खास करून ज्यांना एखादा जुना मित्र गाडी मिळवून देतोय त्यांनी. माझ्या मित्राचं नाव टाकत नाही, नाशिक तसं लहान आहे आणि त्याची आई मला अजून घरचा समजते.

आम्ही पाचवी ते दहावी एकाच बाकावर. शाळा पंचवटीत, गंगेपासून चालत दहा मिनिटं. बाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की वर्गात बातमी यायचीच, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, आणि मग मधल्या सुट्टीनंतर दप्तरं वर्गात आणि आम्ही दोघं पुलावर. क्युसेकचे आकडे पेपरवाले छापतात, नाशिककराला पूर कळतो तो दुतोंड्या मारुतीवरून, छातीला की गळ्याला एवढंच विचारतात. एकदा पकडले गेलो, सरांनी विचारलं कोणाची आयडिया, तर हा पुढे होऊन म्हणाला माझी. खरं तर माझी होती. छड्या त्याने खाल्ल्या. पुढे मी डोळे मिटून विश्वास का टाकला ते याच्याशिवाय कळणार नाही म्हणून सांगतोय.

आणि पूर ओसरल्यावर गंगेवर जो वास येतो ना, ओल्या गाळाचा आणि कुजलेल्या निर्माल्याचा, तो एकदा घेतला की नाकातून जात नाही. आम्ही त्या गाळात चपला घालवून घरी मार खाल्लाय. हा वास लक्षात ठेवा.

2016 च्या 2 ऑगस्टला मोठा पूर आला, सराफ बाजार, भांडी बाजार सगळीकडे पाणी, लोकांच्या दुकानांची पार वाट लागली. त्याच वर्षी दिवाळीत आमच्या बॅचचं गेट टुगेदर झालं, मिसळ खाता खाता मी म्हंटलं गाडी घ्यायचीये यार, पोरगी शाळेत जायला लागली, अंबडला कंपनीत बाइकवर भिजत जायचा कंटाळा आलाय. हा लगेच, अरे लेका, माझ्या साडूची मारुती एट हंड्रेड आहे, 2011 चं मॉडेल, एक हाती, बाई माणसाने चालवलेली, तुला म्हणून एक दहाला देतो. एक लाख दहा हजार. बघायला गेलो तर गाडी चकाचक, आतून नवीन सीट कव्हर, नवीन मॅटिंग, आणि आरशाला दोन दोन परफ्युम लटकवलेले. मला तेव्हा ते हौशी वाटलं.

मॅटिंग नवं का, एवढं एकच विचारलं असतं तरी पैसे वाचले असते.

बायको म्हणाली मेकॅनिकला दाखवा आधी. मी म्हंटलं अगं तो माझ्यासाठी छड्या खाल्लेला माणूस आहे. नव्वद हजार रोख, वीस हजाराचा चेक, पावती नाही, काही नाही. आरसी वेगळ्याच कोणाच्या तरी नावावर, तर म्हणे साडूच्या ओळखीतल्यांच्या नावावर राहिलीये, हे घे गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30, सह्या केलेले, आरटीओत टाकून दे सावकाश. सह्या होत्या, बाकी रकाने सगळे कोरे.

पहिला महिना बरा गेला. मग सुरू झालं. वळताना हॉर्न आपोआप वाजायचा, म्हणजे मी सिग्नलला उजवीकडे वळतोय आणि गाडी बोंबलतेय, पुढचा माणूस मागे वळून मलाच शिव्या देणार. सकाळी सेल्फ लागायचा नाही, धक्का मारायला सोसायटीतली पोरं ठरलेली, त्यांना मी शेवटी क्रिकेटचा बॉल आणून दिला. मुंबई नाक्यावर दोनदा बंद पडली. बॅटरी बदलली, अल्टरनेटर खोलला, वायरिंग बघितलं, असे चोवीस पंचवीस हजार गेले आणि दरवेळी मी त्या मित्रालाच फोन करायचो आणि तो म्हणायचा जुनी गाडी आहे रे, चालायचंच.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि गाडीत वास आला. तोच. मी पार्किंगमध्ये काचा बंद करून बसलो होतो आणि अंगावर काटा आला, क्षणभर वाटलं चपला कुठेत माझ्या.

द्वारकाजवळ एक म्हातारा मेकॅनिक आहे, त्याने काही न बोलता सीट काढली, मॅटिंग उचललं आणि बोट फिरवून दाखवलं. पत्र्याच्या सांदीत वाळलेला करडा गाळ. सीटचे बोल्ट गंजलेले. मग त्याने सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला, आपण कधी ओढत नाही तेवढा, तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ. फ्यूज बॉक्सच्या पिनांना हिरवा थर. म्हणाला, साहेब हिने गंगास्नान केलेलंय, इंजिन खोलून नुसतं सुकवलंय. मग विम्याची पॉलिसी मागितली. ती सप्टेंबर 2016 ची, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य. म्हणे पाच वर्षं जुनी, एक हाती गाडी, आणि बोनस शून्य कसा, क्लेम झाला असेल नाहीतर मधे पॉलिसी तुटली असेल, दोन्ही विचारायची गोष्ट होती. कागद सहा महिने माझ्याच कपाटात होता.

आरसीवरच्या पत्त्यावर गेलो, जुन्या नाशकात. एक काका निघाले. अहो ती तर पुरात गेली, क्लेम मिळाला मला, एजंट उचलून घेऊन गेला, भंगारात जाणार म्हणाला, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. साडू वगैरे कोणी नव्हतं. काका माझ्यापेक्षा जास्त घाबरले, कारण आरसीवर नाव त्यांचं, उद्या मी कोणाला उडवलं असतं तर भरपाईसाठी नोटीस त्यांच्या दारात. त्यांनी चहा पाजला आणि दोनदा विचारलं, तुम्ही हळू चालवता ना?

मित्राकडे गेलो तर आधी मला काय माहीत, मग एजंटने फसवलं, आणि शेवटी आवाज खाली करून, मला फक्त आठ हजार मिळाले रे त्यात. त्यात. त्याची आई आतून पोहे घेऊन आली, मी खाल्ले. पोलिसांत गेलो तर लेखी काय आहे विचारलं, माझ्याकडे वीस हजाराच्या चेकची एंट्री. वकिलाने हिशोब सांगितला तो ऐकून गप्प बसलो. गाडी भंगारवाल्याला अठरा हजारात दिली, यावेळी काकांना बरोबर नेऊन, सगळं लेखी, आणि आरटीओत नोंद रद्द करायला टाकली.

आता कोणी गाडी बघायला बोलावलं की मी आधी परफ्युम काढून खिशात टाकतो आणि काचा बंद करून दहा मिनिटं नुसता बसतो. समोरच्याला येडा वाटतो, वाटू दे. मग बेल्ट पूर्ण ओढतो. आरसीवर ज्याचं नाव त्याला समोर भेटल्याशिवाय पैसे नाहीत, आणि कोरा फॉर्म घेतच नाही.

तो अजून बॅचच्या ग्रुपवर आहे. गेल्या पावसाळ्यात त्यानेच फोटो टाकला, मारुतीच्या कमरेला पाणी, खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मी लिहिलं, साडूच्या गाड्या वर काढल्यास का? वाचल्याच्या निळ्या टिक्स आल्या लगेच. मग तासाभराने त्याने फोटोच डिलीट केला.