अपूर्णांकी अवकल समीकरण सोडवताना: एल-वन की प्रेडिक्टर-करेक्टर?

कपुटो अवकलज (ज्याची कोटी, म्हणजे अल्फा, इथे ० ते १ मधला अपूर्णांक असतो) असलेलं समीकरण संगणकावर सोडवायला घेतलं की बहुतेकांपुढे दोन पर्याय येतात: एल-वन (दर पायरीत फलन सरळ रेषेसारखं धरून अवकलज काढणारी पद्धत), किंवा डीटेल्म, फोर्ड आणि फ्रीड यांची २००२ची अ‍ॅडम्स प्रेडिक्टर-करेक्टर (आधी अंदाज, मग दुरुस्ती करणारी).

कागदावर निवड सोपी दिसते. एल-वनची चूक पायरीच्या लांबीच्या (२ − अल्फा) घाताने घटते, प्रेडिक्टर-करेक्टरची (१ + अल्फा) घाताने. अल्फा ०.५ असताना दोन्ही बरोबरीत. ०.९ला १.१ विरुद्ध १.९; ०.३ला पारडं एल-वनकडे झुकतं.

पण या आकड्यांमागे गुळगुळीतपणाच्या अटी आहेत, आणि त्या क्वचितच पाळल्या जातात. 'अवकलज = उणे वाय' एवढंच समीकरण घ्या. त्याचं उत्तर मिटाग-लेफ्लर फलन (घातांकी फलनाचं व्यापक रूप); शून्यापाशी त्याचा उतार अनंत होतो. अशा वेळी समान पायऱ्यांवर एल-वनची कमाल चूक फक्त अल्फा घाताने घटते: ०.५ला पायरी चौपट बारीक केली तरी चूक जेमतेम निम्मी. यावर उपाय म्हणजे सुरुवातीला दाट पायऱ्या. एन पायऱ्यांपैकी जेव्या पायरीची वेळ ठरवायला (जे ÷ एन)चा आर घात घ्यायचा, आर = (२ − अल्फा) ÷ अल्फा. ०.५ला आर ३ येतो, म्हणजे १०० पायऱ्यांत पहिली पायरी एकूण काळाच्या दहा लाखाव्या भागाएवढी. ०.२ला मात्र आर ९ होतो आणि राउंड-ऑफ (संगणकाने आकडे तोडल्याने येणारी चूक) डोकं वर काढतो.

दोन्हींना सगळा भूतकाळ आठवावा लागतो: १०,००० पायऱ्यांना किमान सुमारे ५ कोटी पदं. गाराप्पांचा मॅटलॅबमधला 'एफडीई१२' कोड एफएफटीने (जलद फूरिये रूपांतराने) हा भार खूप हलका करतो, पण त्यासाठी पायऱ्या समान हव्यात. म्हणजे दाट सुरुवात सोडावी लागते. ही ओढाताण निवडीआधीच लक्षात घ्यावी.

पुणे विद्यापीठातल्या वर्षा दफ्तरदार-गेज्जी यांनी सुकाळे आणि भालेकर यांच्यासह २०१४ साली मांडलेली नवी प्रेडिक्टर-करेक्टरही जरूर पाहा. तिला दर पायरीला भूतकाळाची दोनऐवजी एकच बेरीज लागते. मला ही युक्ती फार आवडते.

माझं मत: अपूर्णांकी विसरण (डिफ्युजन) समीकरण असेल, तर अवकाशाचे तुकडे पाडल्यावर प्रणाली स्टिफ होते (तिचे काही घटक इतरांपेक्षा फारच वेगाने बदलतात), तिथे प्रेडिक्टर-करेक्टरला फारच बारीक पायऱ्या लागतात, म्हणून एल-वनच घ्या. गोंधळी (केऑटिक) प्रणालींसारखी स्टिफ नसलेली अरेषीय समीकरणं असतील, अल्फा ०.५च्या वर असेल, तर प्रेडिक्टर-करेक्टर. कारण तिथे अरेषीय समीकरण सोडवायला प्रत्येक पायरीला न्यूटनच्या पद्धतीची पुनरावृत्ती करावी लागत नाही.