उन्हाळ्यातला एक दिवस घळीत: ग्रँड कॅन्यन, झायन की समारिया?

डोंगर चढताना शरीर खोटं बोलत नाही. दम लागला की माणूस थांबतो, आणि मागे फिरलाच तर पुढे उतारच असतो. नदीने कोरलेल्या घळीत हा हिशोब उलटा होतो. सकाळी ताज्या पायांनी मजेत उतरायचं आणि दुपारी, पाणी संपत आलेलं असताना, तापलेल्या कातळातून वर यायचं. त्यामुळे या तिघांतून एक निवडताना फोटो बाजूला ठेवा. दिवसाचा अवघड भाग कधी येणार आणि तेव्हा ऊन कुठे असणार, एवढंच बघा.

ग्रँड कॅन्यनमध्ये हा उलटा हिशोब सगळ्यात निर्दय आहे. दक्षिण काठ साधारण २,१०० मीटर उंचीवर, कोलोरॅडो नदी त्याच्या खाली जवळपास १,३५० मीटर. उन्हाळ्यात काठावर हवा बरी असते, म्हणून फसायला होतं. तळाशी तापमान काठापेक्षा दहा-अकरा अंशांनी जास्त असू शकतं आणि जून-जुलैत ते ४० अंशांच्या वर जातं. चढायला उतरण्याच्या साधारण दुप्पट वेळ लागतो, म्हणजे नदीवर पोहोचलेल्याला 'अर्धं झालं' असं वाटतं तेव्हा खरं तर एक तृतीयांशच झालेलं असतं. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं पार्कवाले स्पष्ट बजावतात. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात खालच्या वाटांवर चालूच नका, असंही सांगतात. तिथे पाटीवर लिहिलेलं सगळं खरं मानावं.

मग उन्हाळ्यात ग्रँड कॅन्यन करूच नये का? करावं, पण नदीचा हट्ट सोडून. ब्राइट एंजल वाटेने पहाटे निघून अडीच किलोमीटरवरच्या पहिल्या विश्रांतीघरापर्यंत उतरायचं आणि ऊन तापायच्या आत काठावर परत यायचं. दृश्य भव्यच दिसतं. नदीत पाय मात्र बुडत नाहीत, आणि ज्याला नदीच हवी आहे त्याला हा दिवस अपुरा वाटेल.

अशा माणसाने झायनला जावं. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या या पार्कातल्या 'नॅरोज'मध्ये वेगळी पायवाटच नाही. व्हर्जिन नदीचं पात्र हीच वाट. बसच्या शेवटच्या थांब्यापासून दीडेक किलोमीटर सपाट, फरसबंदी रस्ता आहे. तो संपला की थेट पाण्यात उतरायचं आणि प्रवाहाच्या विरुद्ध चालत राहायचं. दोन्ही बाजूंना तीनशे मीटरपर्यंतच्या लाल-करड्या भिंती, काही ठिकाणी पात्र जेमतेम सहा-सात मीटर रुंद. बिग स्प्रिंगपर्यंत, म्हणजे साधारण आठ किलोमीटर आत, खालून वर जायला परवाना लागत नाही. पण तिथवर गेलंच पाहिजे असं नाही. वाटलं तिथून फिरा, कारण अवघड भाग आधी होऊन जातो. जाताना प्रवाह अंगावर येतो, परतताना तोच पुढे ढकलतो. बाहेर रखरखाट असतानाही भिंतींमध्ये सावली आणि पाय गारठवणारं पाणी. उन्हाळ्याच्या बाबतीत तिघांत ही जागा उजवी.

पाय मात्र सतत गोल, शेवाळलेल्या, न दिसणाऱ्या दगडांवर पडतो. चपला घालून जाणारे बरेच दिसतात. त्यांचं चालणं बघवत नाही. घोट्याला आधार देणारे बूट आणि जाड काठी हवीच. आणि खरा धोका उन्हाचा नाही, आभाळाचा आहे. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दुपारची वादळं येतात. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असताना वरच्या अंगाला कुठे तरी पाऊस कोसळतो आणि तो लोंढा या चिंचोळ्या पात्रात येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर विचार करत बसू नका; जवळची उंच जागा गाठा. पुराचा अंदाज पार्क रोज जाहीर करतं. प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की नॅरोज बंद होते. शिवाय २०२० पासून या नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया आढळले आहेत, म्हणून पाणी पिऊ नका आणि डोकं बुडवू नका. लहान मुलांना हे पटवणं जड जातं.

ग्रीसच्या क्रीट बेटावरची समारिया मात्र सगळा हिशोबच मोडून टाकते. परत चढायचंच नाही. साधारण १,२३० मीटरवरच्या झिलोस्कालोपासून सुरुवात, सोळा किलोमीटर चालून शेवट लिबियन समुद्राच्या किनाऱ्यावर, आगिया रूमेली गावात. मध्ये ओस पडलेलं समारिया गाव लागतं. १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथले रहिवासी बाहेर पडले. शेवटाकडे 'लोखंडी दारं' म्हणतात ती जागा येते. तिथे भिंती शेकडो मीटर उंच आणि वाट चारेक मीटरची. वाटेत झऱ्यांचं पाणी आहे, वरच्या भागात झाडांची सावलीही.

इथे किंमत मोजतात ते गुडघे. पहिल्या काही किलोमीटरचा उतार उभा आणि दगडी, पुढे बराच वेळ कोरड्या पात्रातले सुटे गोटे. शेवटचे तीन किलोमीटर उघडे आणि तेव्हा दुपार. मे ते ऑक्टोबर घळ उघडी असते. फार उष्मा किंवा पाऊस असेल तर बंद ठेवतात.

अमेरिकेतल्या दोन्ही जागा एकाच सहलीत जमत असतील (मध्ये गाडीने पाचेक तास), तर ग्रँड कॅन्यन काठावरून पहा आणि चालण्याचा दिवस झायनसाठी ठेवा. पण जुलैअखेर किंवा ऑगस्टच जमत असेल आणि पावसाच्या भरवशावर तिकिटं काढायची नसतील, तर माझं मत समारियाला. गुडघे कुरकुरत असतील तर आगिया रूमेलीला बोटीने जा, खालून लोखंडी दारांपर्यंत चाला आणि परत समुद्रावर या. गावाला गाडीरस्ता नाही, त्यामुळे परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून ठेवा.