हाउटन, कॉन्स्टंटाइन की स्टिमाच: आपला संघ कोणाच्या वळणावर न्यायचा?

मोसम तोंडावर आला की नव्यानं फुटबॉल संघ हातात घेतलेले कोणी ना कोणी विचारतातच, ‘पोरांना खेळवायचं कोणासारखं?’ युरोपातल्या क्लबांचे व्हिडिओ मुलं घरी बघतातच, ते आपण वेगळे दाखवायला नकोत. त्यापेक्षा आपल्यासारखीच अंगकाठी असलेली आणि आपल्याकडच्याच मैदानांवर वाढलेली माणसं घेऊन कोणी काय उभं केलं, ते बघावं. म्हणजे भारतीय संघाचे प्रशिक्षक. माझ्या मते निवड तिघांतूनच करायची: बॉब हाउटन (२००६ ते २०११), स्टीफन कॉन्स्टंटाइन (त्यांची दुसरी कारकीर्द, २०१५ ते २०१९) आणि इगोर स्टिमाच (२०१९ ते २०२४).

सय्यद अब्दुल रहीम का नाहीत, असं कोणी म्हणेल. १९५१ आणि १९६२ ची एशियाड सुवर्णं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक, हे सगळं त्यांच्याच हाताखाली. रहीमसाहेबांपुढे हे तिघं कुठेच नाहीत, हे मान्य. पण त्यांचे पूर्ण सामने आपल्याला बघायला मिळत नाहीत, आणि नुसत्या आख्यायिकांवर रविवारचा सराव ठरवता येत नाही. गोव्याच्या आर्मांदो कुलासो आणि सावियो मेदेरा यांना पुरेसा वेळच मिळाला नाही. मुंबई एफसीमध्ये आपण वर्षानुवर्षं पाहिलेले खालिद जमील २०२५ मध्ये आले, आणि त्याच ऑक्टोबरात गोव्यातल्या फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १-२ हरून आशियाई चषकाचं दार बंद झालं. त्यांच्याबद्दल इतक्यात काही बोलणं बरं नाही.

हाउटन यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यांचं लवकर उरकतो. १९७९ मध्ये स्वीडनच्या माल्मो क्लबला युरोपियन चषकाच्या अंतिम फेरीत नेणारा हा माणूस. बचावाला चौघांची सरळ रेषा, माणूस धरण्याऐवजी जागा धरायची, चेंडू मिळाला की लांब पुढे. दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर २००७ चा नेहरू चषक सीरियाला १-० हरवून आला, २००९ चा पुन्हा सीरियालाच पेनल्टींवर हरवून, आणि मधे २००८ चा एएफसी चॅलेंज चषक. त्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध सुनील छेत्रीची हॅटट्रिक होती, ४-१. महेश गवळी मागे, क्लायमॅक्स लॉरेन्स मध्ये, मुंबईचा स्टीव्हन डायस उजवीकडे, पुढे बायचुंग भुतिया. त्या संघात कोण कुठे उभा राहणार, हे डोळे मिटून सांगता यायचं.

त्याचं कारणही उघड आहे. हाउटननी राष्ट्रीय संघ क्लबसारखा चालवला. पोर्तुगाल, बार्सिलोना, दुबई अशी शिबिरं झाली. २०११ च्या दोहाच्या आशियाई चषकाआधी तर तेच खेळाडू महिनोन्महिने एकत्र होते. एवढं करून तिथे ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहारीनकडून २-५, दक्षिण कोरियाकडून १-४. गोलकीपर सुब्रत पाल नसता तर आकडे बघवले नसते. २७ वर्षांनी तिथवर पोचलो होतो, तेव्हा नावं ठेवायची इच्छा होत नाही. पण ज्याच्याकडे निवासी अकादमी नाही, त्यानं हाउटन यांचं गणित मांडायच्या फंदात पडू नये, असं आपलं मला वाटतं. म्हणजे खरी निवड उरते दोघांत.

बघायला स्टिमाच यांचा संघ नक्कीच सरस. क्रोएशियाच्या १९९८ च्या कांस्य विजेत्या संघातला हा बचावपटू. चेंडू मागून जमिनीवरून आणायचा, गोलकीपरनं लाथ मारून मोकळं व्हायचं नाही, मधल्या दोघांनी तोंड फिरवून पुढे द्यायचा. सप्टेंबर २०१९ मध्ये गुवाहाटीत ओमानविरुद्ध ब्रॅंडन फर्नांडिसनं फ्री-किक भिंतीवरून न मारता बाजूनं जमिनीलगत सरकवली आणि छेत्रीनं ती आत घातली. सरावात घोटलेली चाल असल्याशिवाय असा गोल होत नाही. असं काही पाहिलं की प्रशिक्षकाला हाव सुटते. मलाही सुटली होती.

पण त्याच सामन्याचा शेवटही बघा. ८०व्या मिनिटापर्यंत पुढे असलेला संघ अखेरच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन १-२ हरला. त्यानंतर पाचच दिवसांनी दोहात आशियाई विजेत्या कतारला ०-० रोखलं, तेही आजारी छेत्रीशिवाय. पुढच्याच महिन्यात कोलकात्यात बांगलादेशशी बरोबरी, ती वाचवायला आदिल खानला ८८व्या मिनिटाला डोकं लावावं लागलं. चढ-उतार कोणाच्याही काळात असतात म्हणा. स्टिमाच यांच्या काळात ते शिबिराच्या लांबीबरोबर हलताना दिसतात, निदान माझ्या नजरेला तरी. २०२२ च्या जूनमध्ये कोलकात्यात कंबोडिया, अफगाणिस्तान, हाँगकाँग असे तिघंही हरले, शेवटचा तर ४-० नं. त्याआधी बेल्लारी आणि कोलकाता मिळून लांबलचक शिबिर झालं होतं. २०२३ च्या उन्हाळ्यात भुवनेश्वरचं शिबिर झालं, मग इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा, दोन्ही हातात. सॅफच्या अखेरीला स्टिमाच स्वतः दोन लाल कार्डांमुळे बाहेर होते आणि उपांत्य व अंतिम सामना बाकावरून सांभाळला तो हाउटन यांच्याच जुन्या बचावफळीतल्या महेश गवळीनं. तरी यंत्र चाललं, कारण तोवर मुलं आठवडेच्या आठवडे एकत्र होती. आणि जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकाआधी, लीग डिसेंबरअखेरपर्यंत चालल्यामुळे, शिबिर आखूड झालं. तीन सामने, तीन पराभव, गोल एकही नाही.

लांब शिबिर द्या, ही स्टिमाच यांची मागणी कधी संपली नाही. लोक त्यावर वैतागायचे. मला ती रास्त वाटायची, पण तिनं माझा निर्णयही झाला.

आमचा संघ खालच्या डिव्हिजनमधला. कॉलेजची मुलं, दोन-तीन नोकरीवाले, एक रिक्षा चालवणारा उत्तम लेफ्ट बॅक. सराव शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी, मैदान मोकळं मिळालं तर. आणि आमचं खरं दुखणं गैरहजेरी. क्लासची टेस्ट, मामाच्या मुलीचं लग्न, शिफ्ट बदलली, आईनं सोडलं नाही. रविवारी कोण येणार, हे रविवारी सकाळी बूट बांधताना कळतं. एका मोसमाच्या सुरुवातीला मी स्टिमाच वळणाचं खेळवायला घेतलं होतं. सेंटर बॅक फाकायचे, मधला एक खाली उतरायचा, गोलकीपर त्याला द्यायचा. ज्या रविवारी अकराचे अकरा आले, त्या रविवारी बघणारे थांबून बघायचे. पण तो खाली उतरणारा मुलगा आला नाही की सगळी साखळीच तुटायची. त्याच्या जागी उभा केलेला बिचारा पाठीवर माणूस घेऊन चेंडू मागायला घाबरायचा, गोलकीपरला द्यायला कोणी दिसायचं नाही, मग तो आपल्याच बॉक्सच्या तोंडावर कोणाच्या तरी पायात द्यायचा. गोल खायचो ते काही वाटत नव्हतं. वैताग याचा होता की गेल्या आठवड्यात शिकवलेलं या आठवड्यात वेगळ्याच मुलांना पहिल्यापासून शिकवायचं. अर्धा सराव त्यातच जायचा आणि नियमित येणारी मुलं तोवर कंबरेवर हात ठेवून उभी. येणाऱ्यालाच कंटाळा आला, तर संघ कसा टिकायचा?

आमच्या मैदानाबद्दल तर बोलायलाच नको. पावसाळ्यात चिखल, मार्चनंतर दगड. जमिनीवरून दिलेला चेंडू गुडघ्यापर्यंत उडतो.

कॉन्स्टंटाइन यांच्याकडे मी वळलो तो या वैतागातून. त्यांच्या खेळावर जीव जडला होता असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांचा खेळ कंटाळवाणा, हा आक्षेप मैदानात बसून मीही घेतलेला आहे. चार-चार-दोन, म्हणजे चार बचावाला, चार मध्ये, दोन पुढे; मागे जिंगन आणि अनस, चेंडू आला की पुढे जेजेच्या डोक्यावर, पडलेला छेत्रीनं उचलायचा. पण हा माणूस भारतात येण्याआधी आणि दोन कारकिर्दींच्या मधल्या काळात नेपाळ, मलावी, सुदान, रवांडा अशा ठिकाणी राबलेला. खेळाडू वेळेवर मिळणार नाहीत, मिळाले तर थकलेले असतील, हे धरूनच त्याचं काम चाले. त्याच्या पद्धतीत प्रत्येकाला सांगायच्या गोष्टी तीन-चारच: कुठे उभं राहायचं, चेंडू गेला की कुठे परतायचं, आपल्या बाजूच्या माणसापासून किती अंतर ठेवायचं. त्यामुळेच असेल, त्या चार वर्षांत नव्या मुलांची रीघ लागली तरी संघाचा सांगाडा हलला नाही. आज एक नवा, उद्या दुसरा. तरी लेफ्ट हाफ म्हणजे लेफ्ट हाफच.

अंधेरीच्या स्टेडियमवर हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. सप्टेंबर २०१६ मध्ये पोर्तो रिकोविरुद्ध सुरुवातीलाच पेनल्टीवर गोल खाल्ला आणि मग ४-१ नं सामना घेतला. त्याहून जास्त लक्षात राहिली ती ४ जून २०१८ ची केनियाविरुद्धची लढत, छेत्रीचा शंभरावा सामना. आधीच्या चायनीज तैपेईच्या सामन्याला जेमतेम अडीच हजार लोक, मग ‘मैदानावर या’ असं छेत्रीचं ते हात जोडून केलेलं आवाहन, आणि या वेळी स्टेडियम खच्चून. पाऊस असा की चेंडू पाण्यात थांबायचा. पूर्वार्धात काहीच होईना. उत्तरार्धात तीन गोल, छेत्रीचे दोन आणि जेजेचा एक. त्या डबक्यात कोणी मागून छोटे पास देत बसलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना जुलैत आपल्या मैदानावर सामना खेळवलेल्या कोणालाही करता येईल.

फिफा क्रमवारीचं मात्र फार मनावर घेऊ नका. मार्च २०१५ मधला १७३ वा क्रमांक जुलै २०१७ मध्ये ९६ वर आला, हे खरंच आहे. पण त्यात नेपाळ, लाओस, कंबोडिया असे प्रतिस्पर्धी बरेच होते. आणि २०१५ मध्येच ग्वामसारख्या बेटाकडून १-२ हरलो होतो, तेही विसरता येत नाही. दुसऱ्या बाजूला २०१८ च्या ऑक्टोबरात चीनला त्यांच्या घरी ०-० रोखलं आणि जानेवारी २०१९ मध्ये आशियाई चषकात अबू धाबीत थायलंडला ४-१ हाणलं. तो सामना जरूर दाखवा मुलांना. त्यातला अनिरुद्ध थापाचा गोल चार-चार-दोनला कुरूप म्हणणाऱ्यांसाठी आहे.

आता कॉन्स्टंटाइन यांचा दोष. ज्यांना तो खपणार नाही त्यांनी स्टिमाच यांच्याकडे जावं, मी अडवणार नाही. राखायला बसलं की हा संघ फारच खाली बसतो. १४ जानेवारी २०१९, शारजा, समोर बहारीन. बरोबरी झाली तरी बाद फेरी नक्की. अनस चौथ्याच मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला, त्याच्या जागी सलाम रंजन आला, आणि बघा, तरीही ९० मिनिटं फळी फुटली नाही. बदली खेळाडू येऊन सरळ रेषेत उभा राहिला, जे मला रविवारी हवं असतं ते. पण पुढे चेंडू धरणारा कोणीच उरला नव्हता. फेकलेला प्रत्येक चेंडू परत आपल्याच बॉक्सपाशी. असं तासभर चाललं की कोणाचा तरी पाय चुकणारच. त्या दिवशी तो प्रणय हलदारचा होता. ९१व्या मिनिटाला जमाल राशिदनं पेनल्टी मारली, गटात आपण शेवटचे, आणि कॉन्स्टंटाइन यांनी तिथल्या तिथे पद सोडलं. पाच मिनिटं चेंडू आपल्याकडे ठेवता येणं ही चैन वाटते, पण अशा वेळी तिचीच उणीव नडते.

हे दुखणं स्टिमाच यांच्याकडे नव्हतं, असं वाटत असेल तर जून २०२४ ची दोहा आठवा. कतारविरुद्ध १-० पुढे होतो. मग बाहेर गेलेला चेंडू आत ओढून केलेला गोल रेफरीनं धरला, अन्याय झाला, मान्य. पण त्यानंतर दुसराही खाल्ला. सहाच दिवसांत स्टिमाच गेले. म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांवर औषध कोणाकडेच नव्हतं. फरक एवढाच की एका पद्धतीला तिथवर पोचायला महिन्याभराचं शिबिर लागत होतं.

तुमची मुलं एकाच शाळेतली असतील, रोज तासभर मिळत असतील, गवताचं बरं मैदान असेल, तर माझं ऐकू नका. चौदा-पंधराच्या मुलांना चेंडूची भीती घालवायला स्टिमाच यांचंच वळण बरं, हरलात तरी मुलं शिकतील. फक्त आधी पायानं खेळणारा गोलकीपर शोधा आणि खाली उतरणाऱ्या मधल्या मुलाच्या जागी दुसरा, जमलं तर तिसराही, त्याच दिवसापासून तयार करत राहा. एकच ठेवलात तर त्याच्या परीक्षेच्या वेळापत्रकावर तुमचा मोसम चालेल.

आणि माझ्यासारखा गोळा होईल तो संघ असेल, तर चार-चार-दोन घ्या, पण शारजा लक्षात ठेवून एक बदल करा. आम्ही शेवटच्या पंधरा मिनिटांत पुढच्या दोघांतला एक काढत नाही. उलट दमलेल्या स्ट्रायकरच्या जागी ताजा, जाडजूड, पाठीवर माणूस घेऊन उभा राहणारा पाठवतो. त्याला गोल मारायचं कामच नसतं. चेंडू कोपऱ्याकडे न्यायचा, फाऊल मिळवायचा, थ्रो-इन काढायचा. त्यासाठी फार सराव लागत नाही, आणि तो मुलगा सहसा येतोही, कारण आपल्याला मैदानात उतरवणारच हे त्याला आठवडाभर आधीच माहीत असतं.